डॉक्टर, घरी येऊन पेशंट बघणं बंद करू नका

आमच्या भागातल्या सगळ्या फॅमिली डॉक्टरांना, तुमच्या मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना, आणि ॲपवरून घरी डॉक्टर पाठवणाऱ्या कंपन्यांच्या चालकांना,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुमच्यापैकी जवळजवळ सगळ्यांच्या क्लिनिकच्या दारावर एकच कागद लागला. 'यापुढे होम व्हिजिट केल्या जाणार नाहीत. पेशंटला क्लिनिकमध्ये आणावे अथवा जवळच्या हॉस्पिटलमध्ये न्यावे.' खाली सही नाही, नंबर नाही, आणि ज्यांना आणताच येत नाही त्यांनी काय करायचं याबद्दल एक अक्षर नाही. मंडळाच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी मिळून ठरलं असं कंपाउंडरकडून कळलं. तुमचं काम तुम्ही कसं करायचं हे ठरवायचा हक्क तुमचाच आहे, पण या निर्णयाचा भार ज्यांच्यावर पडला त्यांना कुणी काही विचारलं नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

मी पूर्व उपनगरातल्या म्हाडाच्या जुन्या वसाहतीत राहते. तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही, रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा मी कॉलेजात होते तेव्हापासून चालू आहेत. आम्ही चौथ्यावर. आई ७४ वर्षांची, डायबिटीस आहे, बीपी आहे, दोन्ही गुडघे गेलेत, खाली उतरायचं म्हणजे प्रत्येक जिन्यावर बसून बसून उतरायचं. आमच्याच विंगमध्ये अशी अजून चार घरं आहेत. तुमच्यातले जे जुने डॉक्टर आहेत त्यांना ही घरं तोंडपाठ आहेत, कुठल्या घरात कोण दम्याचं, कुणाला पेनिसिलिनची ॲलर्जी, सगळं.

थंडी सुरू झाली की मुंबईची हवा खाली बसते, त्यात आमच्या आजूबाजूला एकाच वेळी तीन-चार प्लॉटवर पाडकाम आणि बांधकाम चालू. २०२३ च्या ऑक्टोबरात महापालिकेने बांधकामाच्या धुळीसाठी २७ मुद्द्यांची नियमावली काढली, ट्रक झाका, पाणी मारा, उंच पत्रे लावा वगैरे, पण सकाळी पुसलेला खिडकीचा कठडा संध्याकाळी परत करडा झालेला असतो. अशा हवेत आईला सर्दी झाली. साधी सर्दी, वाहती. आठवड्याभरात उतरली असं वाटलं, उठून मेथी निवडायला बसली, आणि मग एकदम उलटली. उजवा गाल दुखायला लागला, मग कपाळ, मग वरच्या दाढा. खाली वाकलं की डोक्यात घण. नाकातून घट्ट पिवळं-हिरवं, ताप चढला, वास येईना, जेवण नको. शेजारच्या काकूंनी वेखंड उगाळून कपाळाला लावलं, ओव्याची पुरचुंडी दिली, बरं वाटायचं पण तेवढ्यापुरतंच.

मी तुमच्या क्लिनिकांना फोन लावत गेले. बहुतेक ठिकाणी रिसेप्शनवरच उत्तर मिळालं, डॉक्टरांपर्यंत फोन गेलाच नाही. 'खाली आणा, लगेच घेतो.' एकीकडे म्हणाले खुर्चीत बसवून चार पोरांकडून उतरवून घ्या. एकीकडे म्हणाले सायनसच आहे ना, वाफ द्या. कुणीही, अगदी कुणीही, पेशंटला डायबिटीस आहे का हे विचारलं नाही.

ही माझी पहिली तक्रार आणि सगळ्यात मोठी. तुम्ही येत नाही हे एक वेळ समजून घेईन, पण फोनवर चार प्रश्नसुद्धा विचारायचे नाहीत? २५ मार्च २०२० ला केंद्राने टेलिमेडिसिनची नियमावली काढली, त्याच्याआधारे लॉकडाऊनमध्ये तुम्ही दिवसदिवस फोनवर पेशंट सांभाळलेत, तुमच्यातल्या काहींनी तेव्हा क्लिनिक एक दिवस बंद ठेवलं नाही आणि वसाहतीतले लोक ते विसरलेले नाहीत. ती सोय आजही कायद्यात आहे. मग आता फोन रिसेप्शनच्या पुढे का जात नाही?

दुसरं म्हणजे हे 'सायनसच आहे ना' काय आहे ते मला कळत नाही. मान्य, बहुतेक वेळा ते सर्दीच्याच व्हायरसचं असतं आणि आपलं आपण उतरतं. नाकाच्या आजूबाजूच्या हाडांमधे हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात, गालात, कपाळात, दोन डोळ्यांच्या मधे आणि अगदी आत मागे. सर्दीने अस्तर सुजलं की त्या पोकळ्यांची तोंडं बंद होतात, आतलं आत साचतं आणि दाब येऊन दुखतं. याला बहुतेकांना पॅरासिटामॉल, मिठाच्या पाण्याने नाक धुणं, विश्रांती, एवढंच पुरतं. पण डॉक्टर, दोन डोळ्यांच्या मधली ही पोकळी आणि डोळा यांच्यामधे हाडाचा एक कागदासारखा पातळ पडदा आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसायला लागले, डोळा हलवताना दुखलं, कपाळावर फुगवटा आला, मान आखडली, पेशंट असंबद्ध बोलायला लागला, तर तो पेशंट त्याच तासाला हॉस्पिटलात हवा. आणि ज्याची शुगर ताब्यात नाही त्याच्या बाबतीत तर २०२१ मधे आपण सगळ्यांनी बघितलंय, म्युकर, म्हणजे ती काळी बुरशी, काय असते ते. कोविडमधून बरी झालेली माणसं, गाल बधिर झाला, नाकातून काळं आलं, डोळा सुजला, आणि कितींचे जबडे आणि डोळे काढावे लागले. त्या वर्षी सगळं शहर त्यावरची अँफोटेरिसिनची इंजेक्शनं शोधत फिरत होतं. असं सगळं आपण भोगलेलं असताना ७४ वर्षांच्या डायबिटीसच्या बाईचा गाल दुखतोय, ताप आहे, बरं वाटून परत बिघडलंय, हे ऐकून 'वाफ द्या' म्हणून फोन ठेवणं मला पटत नाही.

हे बरं वाटून परत बिघडणं म्हणजे काय ते वाचणाऱ्यांसाठी लिहिते, कारण घराघरात याचा घोळ होतो. नाकातून हिरवं आलं म्हणजे अँटिबायोटिक लागणार असं सगळे धरून चालतात, तसं नसतं, व्हायरसच्या सर्दीतही चार-पाच दिवसांनी पिवळं-हिरवं येतं. बॅक्टेरियाचं असण्याची शंका तीन प्रकारांत घेतात: १० दिवस उलटून गेले तरी काहीच फरक नाही, किंवा सुरुवातीपासूनच १०२ च्या पुढे ताप आणि घट्ट पू किंवा चेहऱ्याचं दुखणं तीन-चार दिवस सलग, किंवा मग सर्दी उतरत आली असताना परत ताप चढून दुखणं वाढलं. आईचं तिसरं. हे फोनवर विचारून दोन मिनिटांत कळलं असतं.

आता खुर्चीचं. चार पोरं बोलावून खुर्चीत बसवून उतरवणं ही आमच्या वसाहतीत नवी गोष्ट नाही, पोरं चांगली आहेत, हाक मारली की येतात. पण ज्याचं डोकं नुसतं मान हलवली तरी फुटतंय अशा तापातल्या म्हातारीला आठ जिने खुर्ची तिरकी करत उतरवायचं, मग रिक्षात कोंबायचं, मग पेव्हर ब्लॉक आणि मेट्रोच्या खोदकामावरून गचके खात क्लिनिकला न्यायचं, तिथे नंबर येईपर्यंत खोकणाऱ्या माणसांमधे बाकड्यावर बसवायचं, आणि मग तेच सगळं उलटं करून चार मजले वर. हे सगळं का, तर तिचा गाल दाबून बघायला आणि डोळ्यात टॉर्च मारायला. शिवाय ही सगळी वरात दिवसा जमते, रात्री ९ नंतर पोरंही मिळत नाहीत. माझ्यासारख्या एकट्या मुलीने काय करायचं? १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावता येते, पण ती जिवावर बेतलेल्यांसाठी आहे, ज्याला फक्त डॉक्टरने एकदा नीट बघायला हवंय त्याने ती अडवून ठेवायची हे मला बरोबर वाटत नाही. महापालिकेचा आपला दवाखाना रात्री १० पर्यंत उघडा असतो, फुकट असतो, माझा स्वतःचा अनुभव चांगला आहे, पण तिथेही चालत जावं लागतं. केईएम, सायन, राजावाडीला कान-नाक-घशाची ओपीडी आहे, तिथे सकाळी केसपेपर काढून लायनीत उभं राहायचं. म्हणजे उपचार शहरात आहेत, ते आमच्या जिन्यापाशी येऊन थांबतात.

तिसरी तक्रार ॲपवाल्या कंपन्यांसाठी आहे. तुम्ही डॉक्टरांनी दार बंद केल्यावर माणसं कुठे जाणार? मोबाइलवर. मीही गेले. 'एका तासात डॉक्टर तुमच्या दारी.' बुकिंगला बाराशे सांगितले, डॉक्टर दारात आल्यावर ते अडीच हजार झाले, रात्रीचा चार्ज आणि लांबचा चार्ज म्हणून. लांबचा म्हणजे काय हे मी विचारलं, त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. तरुण मुलगा होता, दमलेला होता, चौथ्या मजल्यावर धापा टाकत आला, मी त्याला आधी पाणी दिलं. त्याच्यावर माझा राग नाही, त्याला तासाला किती घरं करायला लावता ते तुम्हालाच माहीत. पण त्याने जे केलं ते सांगते. नाकात बघितलं नाही. डोळ्यांकडे बघितलं नाही. बीपी घेतलं, ताप बघितला, आणि सरळ इंजेक्शन भरायला घेतलं. मी म्हटलं आईला डायबिटीस आहे, कसलं इंजेक्शन आहे, तर म्हणाला सूज उतरायचं, एकाने काही होत नाही. ग्लुकोमीटर त्याच्या बॅगेत होतं, काढलं नाही. ते स्टेरॉइड होतं हे दुसऱ्या दिवशी कळलं, जेव्हा आईची शुगर साडेतीनशेच्या वर गेली. कागदावर ॲझिथ्रो या अँटिबायोटिकचं तीन गोळ्यांचं पाकीट, सर्दीची एक कॉम्बिनेशन गोळी, पॅरासिटामॉल, नाक मोकळं करायचे थेंब, आणि अमक्याच सेंटरमधे करा म्हणून सीटी स्कॅन. कागदावर कंपनीचा मोठा रंगीत लोगो, डॉक्टरचं नाव मात्र वाचता येत नव्हतं आणि रजिस्ट्रेशन नंबर नव्हताच.

यातलं एकेक घ्या. सर्दीच्या त्या कॉम्बिनेशन गोळीत फिनाइलएफ्रिन असतं, ते बीपी वाढवू शकतं, आणि आईला बीपी आहे. त्याच गोळीत पॅरासिटामॉलही असतं आणि वेगळं पॅरासिटामॉलही लिहून दिलेलं, म्हणजे डबल. नाकाचे थेंब तीन ते पाच दिवसांपुढे टाकले की थेंबांनीच नाक चोंदायला लागतं, मग माणूस बाटलीचा गुलाम होतो, माझे मामा वर्षभर तसे होते. किती दिवस टाकायचे हे त्याने सांगितलं नाही, कागदावर लिहिलं नाही. ॲझिथ्रो तर आता या दुखण्याला पहिली गोळी म्हणून द्यायचीच नाही असं म्हणतात, कारण ज्या जंतूंमुळे हे होतं ते तिला दाद देईनासे झालेत, द्यायचंच तर अमॉक्सिसिलिन किंवा अमॉक्सिक्लॅव. आणि साध्या सायनसला पहिल्याच भेटीत सीटी स्कॅन लागत नाही, तो गुंतागुंतीची शंका आली तर करतात. तशी शंका आली असती तर त्याने डोळे बघितले असते ना.

आपल्या देशात २०१४ च्या मार्चपासून शेड्यूल एच वन ही औषधांची यादी लागू आहे, सेफिक्सिम, लिव्होफ्लॉक्सासिन अशी किती तरी अँटिबायोटिक्स त्यात येतात आणि केमिस्टने विकताना पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव रजिस्टरमधे लिहून ठेवायचं असतं. अँटिबायोटिकच्या पाकिटावरची लाल रेघ, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, सरकारने लोकांना ओळखायला सांगितली. हे सगळं नियम करणाऱ्यांनी केलं, आणि आम्ही पेशंट मात्र डॉक्टरच बघायला मिळत नाही म्हणून केमिस्टच्या काउंटरवर उभे राहून 'सायनसचं काहीतरी द्या' म्हणतो. तुमच्या दारावरच्या कागदानंतर आमच्या नाक्यावरच्या केमिस्टकडे संध्याकाळी किती गर्दी असते ते एकदा येऊन बघा. घरी जाऊन बघणारा डॉक्टर गेला की त्याची जागा रिकामी राहत नाही, ती कोणीतरी घेतंच, आणि जे घेतं ते पेशंटला तपासत नाही.

याउलट काय होऊ शकतं तेही सांगते. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या ओळखीचे एक वयस्कर डॉक्टर आले, दुसऱ्या उपनगरातले, प्रॅक्टिस आता एकच वेळ करतात. प्रत्येक जिन्यावर थांबत थांबत आले. आईशी आधी पाच मिनिटं बोलले, कधी सुरू झालं, मधे किती दिवस बरं होतं, कुठलं औषध कधी घेतलं. भुवईच्या वर आणि गालावर दाबून बघितलं, नाकात टॉर्च, घशात टॉर्च, मागून काही उतरतंय का. वरच्या दाढा एकेक करून ठोकून बघितल्या, कारण कधी कधी किडलेल्या दाढेचं इन्फेक्शन गालाच्या सायनसमधे चढतं आणि मग सायनसचं औषध कितीही केलं तरी उपयोग नसतो. डोळे वर-खाली, डावी-उजवी फिरवायला लावले, एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचायला लावली. गालाला कापसाने स्पर्श करून दोन्हीकडे सारखं कळतंय का विचारलं. टाळूला टॉर्च मारून काळपट काही नाही ना बघितलं. हनुवटी छातीला लावायला सांगितली. शुगर स्वतः काढली.

मग ॲपवाल्या डॉक्टरच्या त्या गोळ्या सगळ्या बाजूला ठेवल्या. अमॉक्सिक्लॅव दिलं आणि का दिलं ते सांगितलं, उलटलेलं आहे आणि शुगर आहे म्हणून, नाहीतर दोन-तीन दिवस वाट बघितली असती असं म्हणाले. थेंब फक्त रात्री, तीन रात्री, मग बाटली फेकून द्यायची. जलनेतीसारखं नाक धुवायला सांगितलं पण पाणी उकळून गार केलेलं, टाकीचं थेट नाही. वाफेला नाही म्हणाले नाहीत, पण पातेलं मांडीवर घ्यायचं नाही, म्हातारी माणसं आणि मुलं यातच भाजतात. शुगरच्या औषधाबद्दल तिच्या नेहमीच्या डॉक्टरांशी तिथूनच फोनवर बोलले. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, डोळा सुजला, दिसायला फरक पडला, गाल बधिर झाला, नाकातून काळं आलं, प्रचंड डोकं दुखून उलट्या झाल्या, तर मला फोन नको, थेट मोठ्या हॉस्पिटलात जा जिथे नाकाचे आणि डोळ्याचे दोन्ही डॉक्टर आहेत. खाली नाव, रजिस्ट्रेशन नंबर, मोबाइल. आणि दोन दिवसांनी त्यांचा स्वतःहून फोन आला.

आई बरी झाली. या सगळ्याला जास्तीत जास्त अर्धा तास लागला असेल, आणि मशीन एकच लागलं, ग्लुकोमीटर. माझी तक्रार एवढीच आहे की हे ओळखीवर अवलंबून राहिलं. वहिनींची ओळख नसती तर मी आईला कॉम्बिनेशन गोळ्या आणि थेंब देत बसले असते.

आता तुमची बाजू. मी ती ऐकलीये आणि मला ती खोटी वाटत नाही. तुमच्यातल्या एका डॉक्टर मॅडम माझ्याशी मोकळेपणाने बोलल्या. पार्किंग मिळत नाही. एका व्हिजिटमधे संध्याकाळची निम्मी ओपीडी जाते आणि बाहेर पेशंट भांडतात. रात्री अनोळखी घरात एकट्या बाईने जायचं कसं. पेशंट आधीच शेवटच्या अवस्थेत असतो, डॉक्टर पोचल्यावर काही झालं की नातेवाईक अंगावर येतात. महाराष्ट्रात डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० पासून कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे, तरी मार खाणाऱ्याला तो कायदा त्या क्षणी वाचवत नाही. १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्यात आली, तेव्हापासून घरी, अपुऱ्या साधनांत तपासून काही राहून गेलं तर कोर्टात कोण उभं राहणार ही भीती आहे. ही सगळी कारणं खरी आहेत. आणि पेशंटही चुकतात. ज्याला दोन दिवसांची सर्दी आहे, जो सकाळी जिमला जाऊन आलाय, तो फी देतो म्हणून डॉक्टरला घरी बोलावतो, हे मी आमच्याच बिल्डिंगमधे बघितलंय. त्याच्यासाठी तुम्ही चार मजले चढावेत असं मी मुळीच म्हणत नाही. त्याने यावं क्लिनिकला, चालत.

पण या कारणांवरचा उपाय सरसकट बंद हा नाही. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या आचारसंहितेत लिहिलंय की डॉक्टर कुणाला तपासायचं हे निवडू शकतो, पण तातडीच्या हाकेला त्याने ओ द्यावी, आणि एकदा पेशंट हातात घेतला की त्याच्याकडे दुर्लक्ष करू नये. आई तुमच्यातल्या एकांकडे गेली अनेक वर्षं पेशंट आहे. ती हातात घेतलेली पेशंट नाही का?

म्हणून आमच्या मागण्या लिहिते, वसाहतीतल्या बऱ्याच घरांशी बोलून.

व्हिजिट सगळ्यांनी रोज कराव्यात असं नाही, पाळी लावा. भागात इतके डॉक्टर आहात, दिवस वाटून घेतलेत तर एकेकाच्या वाट्याला फारसं येणार नाही. तुमची क्लिनिकं दुपारी १ ते ६ बंद असतात, त्यातला एखादा तास त्या दिवसाच्या पाळीच्या डॉक्टरने ठेवावा. रात्रीची व्हिजिट आम्ही मागत नाही, रात्री फक्त फोन उचलला जावा. पाळीचा नंबर सगळ्या क्लिनिकांच्या बाहेर लावा.

आधी फोनवर विचारपूस व्हावी आणि ती डॉक्टरनेच करावी, किंवा निदान रिसेप्शनवरच्या माणसाकडे लिहिलेले प्रश्न असावेत. किती दिवस, ताप किती, बरं होऊन परत बिघडलं का, डोळा कसा आहे, नजर कशी आहे, शुगर आहे का, कॅन्सरचं किंवा ट्रान्सप्लांटचं औषध चालू आहे का, चालता येतं का. या उत्तरांवरून क्लिनिकला या, घरी येतो, किंवा थांबू नका हॉस्पिटलात जा, असं तिथल्या तिथे सांगता येतं. घरी कुणाला बघायचं हे ठरवायचा निकष पेशंटला उतरता येतं की नाही हा असावा, पैसे देता येतात की नाही हा नको.

व्हिजिटची फी आधी ठरवून बोर्डावर लावा. आचारसंहितेत फीचा बोर्ड लावायला सांगितलेलंच आहे. ती क्लिनिकच्या फीपेक्षा बरीच जास्त असली तरी आमची तक्रार नाही, तुमचा वेळ आणि तुमचे गुडघे यांची किंमत आहेच, फक्त दारात आल्यावर आकडा बदलू नये.

कंपन्यांना वेगळं सांगते. कागदावर डॉक्टरचं पूर्ण नाव, पदवी आणि रजिस्ट्रेशन नंबर वाचता येईल असा छापा, तो बुकिंग करतानाच दाखवा. स्टेरॉइड किंवा कुठलंही इंजेक्शन देण्याआधी नाव सांगून, शुगर बघून, विचारून द्या. अमक्याच सेंटरला जा हे थांबवा. आणि दोन दिवसांनी फोन करून 'रेटिंग द्या' म्हणता, त्याऐवजी 'ताप उतरला का, डोळा ठीक आहे का' हे विचारा.

आणि आमच्याकडून काय. सोसायटीने ठरवलंय की व्हिजिटला येणाऱ्या डॉक्टरसाठी गेटजवळची एक पार्किंगची जागा मोकळी राहील, वॉचमनला नंबर दिला की झालं. कमिटीतलं कुणीतरी खालपासून वर घरापर्यंत सोबत येईल आणि परत खाली सोडेल, मॅडम असतील तर सोबत बाईच असेल. पेशंटची जुनी फाइल, चालू गोळ्यांची पाकिटं आणि शुगरचे आकडे डॉक्टर यायच्या आधी टेबलावर काढून ठेवलेले असतील. डॉक्टरशी कुणी अरेरावी केली तर कमिटी डॉक्टरच्या बाजूने पोलिसांत जाईल, हे ठराव म्हणून लिहून सह्या केलेल्या आहेत. साधी सर्दी असलेल्यांनी व्हिजिट मागायची नाही हेही त्याच ठरावात आहे. आजूबाजूच्या दोन सोसायट्या तयार आहेत, बाकीच्यांशी बोलणं चालू आहे.

या ठरावाची प्रत मंडळाच्या सेक्रेटरींकडे पोचती केली आहे. पुढच्या मीटिंगला आमच्यातल्या दोघा-तिघांना अर्धा तास द्या, दुपारची कुठलीही वेळ चालेल, आमच्या सोसायटीचं ऑफिस तळमजल्यावर आहे, तिथे घ्यायची असेल तर चावी माझ्याकडेच असते. आणि थंडी संपेपर्यंत वाट न बघता निदान फोनवरच्या विचारपुशीचं तरी याच आठवड्यात सुरू करा, त्याला ना पार्किंग लागतं ना जिने चढायला लागतात.

कळावे,

आपली,
चौथ्या मजल्यावरची एक रहिवासी
पूर्व उपनगर, मुंबई